गुरगुरीचे वारसदार

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू एका संध्याकाळी वर आल्या, दारातच थांबल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना हो? नाही, चार दिवस झाले, तो ओरडला नाही."

'तो' म्हणजे माझा भाचा नव्हे. भाच्याच्या खोलीतल्या स्पीकरमधून जो माणूस ओरडायचा, तो. काकूंच्या समजुतीप्रमाणे त्या माणसाला काहीतरी मोठं दुखणं होतं आणि घरचे लोक त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून रेकॉर्ड करत बसले होते. २०११ चा सप्टेंबर. गणपती जाऊन आठवडा झाला होता, त्यामुळे शांतता सगळ्या सोसायटीलाच नवी होती. पण काकूंना आमच्या छतातून उतरणारी शांतता वेगळी ओळखू आली.

"त्याने ओरडणं सोडलं, काकू."

"अगबाई! बरं वाटलं का त्याला?"

"त्याला वाटलं. आमचा भाचा अंथरुणाला खिळलाय."

हा भाचा २००८ साली इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक, एक गादी, माझ्या बहिणीने दिलेला मेतकुटाचा डबा आणि ओपेथ आलं. पहिल्या तीन वस्तूंचं आम्ही स्वागत केलं.

ओपेथ हा स्टॉकहोमचा बँड. १९९० साली सुरू झालेला. विल्बर स्मिथच्या 'द सनबर्ड' या कादंबरीतल्या एका प्राचीन शहराच्या नावावरून त्याचं नाव आलं. गाणारा, गिटार वाजवणारा, गाणी लिहिणारा आणि एकूण घरचा कर्ता पुरुष एकच, मिकाएल ओकरफेल्ट. स्वीडिशमध्ये डोक्यावर टिकली लावलेल्या 'ए'चा उच्चार 'ओ'कडे जातो, असं भाच्याने मला समजावलं. मी ते नाव काकूंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आडनावाला जागतो म्हणायचा."

तर हा ओकरफेल्ट जे करतो त्याला ग्रोल म्हणतात. साध्या मराठीत गुरगुर. आपल्या गळ्यात खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. चारचौघांसारखं बोलताना-गाताना ती बसून असते. ग्रोल करणारा तिला कामाला लावतो. पोटातून श्वास लावून, नीट शिकून केलं तर गळा वर्षानुवर्षं टिकतो म्हणतात. न शिकता केलं तर काय होतं ते आम्ही घरातच पाहिलं. भाच्याने आठवडाभर बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रियाज केला. आठव्या दिवशी त्याला "चहा" एवढा शब्दही म्हणता येईना. मामीने ज्येष्ठमधाची काडी दिली, रात्री हळद-दूध दिलं आणि पाण्याचं बिल दाखवलं. रियाज थांबला.

पण ओपेथचं वैशिष्ट्य नुसत्या गुरगुरीत नाही, हे मलाही हळूहळू कळायला लागलं. एकाच घरात राहून दुसरं काय होणार? पाच मिनिटं आभाळ कोसळत असतं. मग एकाएकी सगळं थांबतं, एकटी साधी गिटार वाजायला लागते, आणि तोच माणूस, तोच गळा, लग्नघरातल्या समजूतदार धाकट्या दिरासारखा गोड गायला लागतो. पहिल्यांदा मला वाटलं, रेडिओवर शेजारचं स्टेशन लागलं. आणि गाणी संपता संपत नाहीत. 'ब्लॅक रोझ इमॉर्टल' नावाचं त्यांचं १९९६ चं एक गाणं २० मिनिटं १४ सेकंदांचं आहे. तेवढ्यात आमच्याकडे कुकर लावून, होऊन, वाफ जिरून, पानं घेतली जातात.

"याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात, मामा," भाचा म्हणाला.

"म्हणजे पुरोगामी?"

"म्हणजे एका जागी थांबत नाही. एकच फॉर्म्युला नाही. प्रत्येक अल्बम वेगळा. ज्यांना दरवेळी तेच ते हवं असतं ना, त्यांचं हे काम नाही."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. पुढे उपयोगी पडेल असं का कोण जाणे, वाटलं.

२००९ मध्ये आयआयटी मद्रासच्या सारंग महोत्सवात ओपेथ येणार असं कळलं. बहिणीला "इंडस्ट्रियल व्हिजिट" असं सांगून तो रेल्वेने चेन्नईला गेला. परत आला तो काळा टी-शर्ट घालून, मान धरून. दोन दिवस त्याला डावीकडे बघता येत नव्हतं. "त्याने माझ्याकडे बघून ग्रोल केलं," असं तो सांगायचा. हजारोंच्या गर्दीत बरोब्बर आपल्याकडेच बघितलं, ही भावना मला ओळखीची होती. आमच्या मातोश्रींना आषाढीला पंढरपुरात असंच वाटलं होतं.

आणि मग आला 'हेरिटेज'. म्हणजे वारसा.

सीडी आली त्या दिवशी भाच्याने खोलीचं दार लावलं, स्पीकरची तोंडं भिंतीकडून स्वतःकडे वळवली आणि मला बोलावलं. पहिला तुकडा दोनेक मिनिटांचा, नुसता पियानो. यान योहान्सन नावाच्या स्वीडिश पियानोवादकाने साठच्या दशकात आपली लोकगीतं जॅझमध्ये वाजवून एक रेकॉर्ड केली होती, 'याझ पो स्वेन्स्का', तिच्या वळणाचा. भाचा डोळे मिटून हसत होता. "ही वादळापूर्वीची शांतता आहे." दुसरं गाणं सुरू झालं. त्यात ऑर्गन होता, ड्रम होते, ओकरफेल्ट गात होता. म्हणजे खरोखरच गात होता. "आता येईल," भाचा म्हणाला. तिसरं झालं, चौथं झालं. चौथं जरा धावतं होतं, कारण ते रॉनी जेम्स डिओ या गायकाला वाहिलेलं होतं; तो बिचारा आदल्याच वर्षी गेला होता. भाच्याच्या आशा पालवल्या. पाचव्याला त्या परत मिटल्या. एका गाण्यात बासरी आली तेव्हा त्याने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती मीच आणून ठेवली होती. दहाही गाणी संपली. गुरगुर आली नाही. भाच्याने सीडी काढली आणि मागचीपुढची बाजू निरखून पाहिली. डब्यात चुकून दुसऱ्याचं जेवण आलंय का, ते बघतात तशी.

मी मात्र गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "छान आहे की रे."

त्या दिवसापासून त्याने ताटावरही माझ्याशी बोलणं कमी केलं. तेव्हा मला राग आला, पण आता विचार केला तर त्याचं बरोबर होतं. कुठल्याही बंडखोर संगीताच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस कोणता? बंदी येते तो नव्हे. टीका होते तो तर नव्हेच. मामाला आवडतं, तो. त्यातून दोन दिवसांनी काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "परवा बासरी कोण वाजवत होतं? फार गोड." हे मी भाच्याला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

या घावाची खोली कळायची तर थोडा आहारशास्त्राचा आधार घ्यावा लागेल. ओपेथने गुरगुरीविना अल्बम याआधीही केला होता. २००३ चा 'डॅम्नेशन' आख्खा सौम्य होता. पण तो चालला, कारण पाचच महिने आधी त्याचा जुळा भाऊ 'डेलिव्हरन्स' येऊन गेला होता आणि त्यात गुरगुर ओसंडून वाहत होती. म्हणजे 'डॅम्नेशन' हा श्रावण होता. श्रावण मांसाहारी माणूसही आवडीने पाळतो, कारण त्याला गटारीची आठवण असते आणि श्रावण संपायची तारीख माहीत असते. 'हेरिटेज'ला मात्र या माणसाने एकदम माळच घातली.

बरं, नुसती स्वतःच्या स्वयंपाकघरात घातली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. त्या वर्षीच्या दौऱ्यात रंगमंचावरही गुरगुरीची गाणी ठेवली नव्हती. आधीच्या अल्बमांमधली निवडली तीसुद्धा सौम्य. काळे कपडे घालून, केस मोकळे सोडून, मान हलवायच्या तयारीने आलेल्या माणसांना पोटभर साबुदाण्याची खिचडी. पुढे मात्र रंगमंचावर जुनी गाणी गुरगुरीसकट परत यायला लागली, आणि अल्बममध्ये माळ कायम राहिली. हा प्रकार आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. "घरात करत नाही हो, बाहेर असलो तर चालतं."

आता गुरगुर का सोडली याची कारणं. खरं कारण साधं होतं आणि म्हणून कुणाला पटलं नाही. २००८ चा 'वॉटरशेड' झाल्यावर ओकरफेल्टने त्याच वळणाची दोनेक गाणी लिहून पाहिली. बँडमधला उरुग्वेचा बासवादक मार्तिन मेंदेस त्याला म्हणाला की याच चालीवर पुढचा अल्बम झाला तर माझी निराशा होईल. ओकरफेल्टला बहुधा तेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्याने ती गाणी बाजूला ठेवली आणि जे स्वतः घरी बसून ऐकत होता ते लिहायला घेतलं. हा माणूस जुन्या तबकड्या गोळा करणारा. सत्तरच्या दशकातला, कुठल्यातरी गावच्या, एकच रेकॉर्ड काढून बुडालेल्या बँडचा माल त्याच्याकडे असायचाच. तेव्हा नव्या अल्बमात मेलोट्रॉन आला, हॅमंड ऑर्गन आला. मेलोट्रॉन हे वाद्य एकदा समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर भरलेला. पट्टी दाबली की टेप सरकते, आठेक सेकंदांत संपते, बोट उचललं की स्प्रिंगने मागे जाते. दमा असलेल्या वाद्यवृंदासारखा त्याचा आवाज येतो आणि जाणकार त्याच्यावर जीव टाकतात.

हे कारण भाच्याच्या मित्रमंडळाने एकमताने फेटाळलं. आमच्या गच्चीवर बैठक झाली, मी पोहे घेऊन गेलो म्हणून मला प्रवेश मिळाला. एकाच्या मते गळा गेला होता. पण तो तर तेव्हा ब्लडबाथ नावाच्या दुसऱ्या बँडमध्येही गुरगुरण्याचा जोडधंदा करत होता, २०१२ पर्यंत. दुसऱ्याच्या मते सगळं स्टीव्हन विल्सनने केलं. हा पॉर्क्युपाइन ट्री या इंग्रजी बँडचा सूत्रधार. ओपेथचा २००१ चा गाजलेला 'ब्लॅकवॉटर पार्क' त्याच्याच हाताखाली घडला होता आणि 'हेरिटेज'चं मिक्सिंगही त्याचंच. 'ब्लॅकवॉटर पार्क' चांगला झाला तेव्हा श्रेय मुलाचं आणि 'हेरिटेज'च्या वेळी "तिने फितवलं त्याला". विल्सनला आपण एका मराठी सासरची सून आहोत हे अजून कळलेलं नसावं.

तिसरा मुलगा जरा शांत होता. तो मुखपृष्ठ घेऊन बसला होता. ते चित्र खरोखर पाहण्यासारखं आहे. ट्रॅव्हिस स्मिथने काढलेलं. मध्ये एक झाड आणि त्याला फळांच्या जागी बँडमधल्या लोकांची डोकी लागलेली. त्यातलं एक डोकं गळून खाली पडतंय, कारण कीबोर्ड वाजवणारा पेर व्हीबर्ग ध्वनिमुद्रण झाल्यावर बँड सोडून गेला. बुंध्याशी कवट्या आहेत, त्या आधी सोडून गेलेल्यांच्या. झाडाची मुळं खाली थेट नरकात उतरलेली, म्हणजे बँडचा डेथ मेटलचा, गुरगुरीचा भूतकाळ. लांब एक शहर जळतंय आणि फळं खायला माणसांची रांग लागली आहे. नोकरी सोडणाऱ्याला इतका स्पष्ट निरोप समारंभ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आमच्या ऑफिसात शाल-श्रीफळ देतात. श्रीफळाचा अर्थ मला त्या चित्रानंतर नव्याने कळला.

"मुळं आहेत म्हणतोय तो," तिसरा मुलगा म्हणाला. "तोडलेली नाहीत."

"मुळं घालायचीत का गळ्यात?" भाचा म्हणाला.

मी तेव्हा ते जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "तूच म्हणाला होतास ना, ज्यांना दरवेळी तेच ते हवं असतं, त्यांचं हे काम नाही?"

बैठकीत अशी शांतता पसरली की खालून काकूंच्या टीव्हीवरचं मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं.

"मामा," भाचा फार संयमाने म्हणाला, "बदलायचं म्हणजे पुढे जायचं. हा मागे गेलाय. हे सगळं सत्तर सालीच होऊन गेलं."

मुद्दा बिनतोड होता आणि मी उतरून खाली आलो. पण पोह्यांची कढई घासताना लक्षात आलं की भाच्याला तरी कुठे पुढे जायचं होतं? त्याला २००१ मध्ये जायचं होतं. ओकरफेल्टला १९७१ मध्ये. दोघेही पाठमोरे उभे होते आणि एकमेकांना मागासलेला म्हणत होते. पुढे जायचं की मागे, हे भांडण नव्हतंच; किती मागे, एवढाच वाद होता. मला वाटतं बऱ्याच पुरोगामी भांडणांची ही कहाणी असते, पण ते या लेखात नको, आमच्या सोसायटीत दोन्हीकडचे वाचक आहेत. शिवाय एखाद्या मिसळीच्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहून, दोनदा तर्री मागून घेऊन, हात धुताना "आता ती चव राहिली नाही" म्हणणारी जमात माझ्याच पिढीची आहे. ती चव नाही म्हणून कुणी रांगेतून निघून गेलेला मी पाहिला नाही. ओपेथचंही तेच. 'वॉटरशेड' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या आठवड्यात २३ व्या जागी होता. इतकं छाती पिटून रडणं झालं, त्या 'हेरिटेज'ने १९ वी जागा घेतली. रडणाऱ्यांनी आधी विकत घेतला, मग रडले.

त्यानंतर २०१४ ला 'पेल कम्युनियन', २०१६ ला 'सॉर्सरेस'. माळ कायम. भाचा दर वेळी नव्याने आशा धरायचा आणि नव्याने खचायचा. पदवी मिळाली, बंगलोरला नोकरी लागली, लग्न झालं. लग्नात मान हलवता येईल असं एकही गाणं नव्हतं, तरी हलली. २०१९ चा 'इन कौदा व्हेनेनम' तर स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघाला. भाच्याने दोन्ही घेतले. म्हणाला, "स्वीडिशमध्ये निदान काय म्हणतोय ते कळत नाही. पूर्वीसारखं वाटतं."

या सगळ्या काळात मी मात्र चोरून 'हेरिटेज' ऐकत होतो. रात्री, हेडफोन लावून, आवाज कमी करून. आमच्या लहानपणी मुलं मोठ्यांपासून लपवून गाणी ऐकायची. आमच्या घरात मामा भाच्यापासून लपून सौम्य गाणी ऐकत होता.

आणि २०२४ च्या नोव्हेंबरात 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला. म्हणजे मृत्युपत्र. २०११ ला वारसा आणि २०२४ ला मृत्युपत्र. आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा असतो आणि दोहोंच्या मध्ये दिवाणी कोर्ट असतं. विषयही अगदी घरचा. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत, कर्मठ बाप मेलेला, वाड्यात त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. ऐकायला त्याची जुळी मुलं बसली आहेत, आणि शिवाय घरातच वाढलेली, पोलिओ झालेली एक अनाथ मुलगी. ही इथे कशी, असा जुळ्यांना प्रश्न. गाण्यांना नावं नाहीत. कायद्याच्या कलमाची खूण आणि पुढे आकडा. कलम १, कलम २, असं ७ पर्यंत. फक्त आठव्या गाण्याला नाव आहे. जेथ्रो टल या बँडचे इयान अँडरसन, तेव्हा वय वर्षं ७७, या अल्बममध्ये बासरी वाजवतात आणि मधूनमधून निवेदनही करतात. तलाठी कार्यालयात कधी सात-बाराच्या नोंदीसाठी उभं राहिला असाल, तर हा अल्बम तुम्हाला परका वाटणार नाही.

आणि गुरगुर परत आली होती! सोळा वर्षांनी अल्बममध्ये. मेलेला बाप मृत्युपत्रातून बोलतो म्हटल्यावर तो कसा बोलणार? माझे आजोबा जिवंतपणी तसेच बोलायचे.

मीच भाच्याला फोन केला. व्हिडिओवर तो दिसला तो अंधारात, पुटपुटत. दीड वर्षांची मुलगी मांडीवर झोपली होती.

"ऐकलास?"

"हेडफोनवर ऐकला. हळू."

"मग? आहे ना गुरगुर? सुटला एकदाचा सोळा वर्षांचा उपास?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग अगदी मिसळीच्या दुकानाबाहेर हात पुसणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "आहे. पण मामा, पूर्वीसारखी नाहीये. आणि खरं सांगू? त्या मधल्या अल्बममध्ये एक वेगळी मजा होती. तो बासरीवाला... कुठला तो?"

मी म्हटलं, "हेरिटेज."

"हां. तुझ्याकडे ती सीडी अजून असेल ना? पाठव."

तर वाचकहो, ओपेथ कधीच ऐकलं नसेल तर 'डॅम्नेशन'पासून सुरुवात करा, मग 'ब्लॅकवॉटर पार्क'ला हात घाला, खिडक्या लावून. 'हेरिटेज' मागायला मात्र माझ्याकडे येऊ नका. सीडी एकच आहे, भाच्याला मी ती सापडत नाही म्हणून कळवलंय, आणि सध्या ती खालच्या मजल्यावर काकूंकडे आहे.